कडता

धरणगावच्या जिनात मी काट्यावर बसायचो.
गाडी आली की कापसात बोट खुपसायचं.
रात्री पाणी मारलेला कापूस
बोटाला गारव्यावरून कळतो.
मग मणामागे दोन शेर कडता.
कोणी भांडे, कोणी पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेई.
माझं बोट कोणाचं ऐकायचं नाही.

बोट म्हणजे तोवर मला तेवढंच माहीत.

सुपडू पिंजारी आमच्या बॉयलरवर.
आजा पिंजत होता, बाप पिंजत होता,
जिन आलं तशी पिंजण आढ्याला टांगली गेली
आणि हा आगीपाशी आला.
एका थंडीत मुंबईहून सारंग आला, आगवाले शोधत.
म्हणाला, असले चोवीस बॉयलर आहेत बोटीच्या पोटात,
वर गालिचे, बाजा, गोऱ्या बाया नाचतात.
सुपडू म्हणाला, आमच्याही वर शेठची गादी आहे.
तापीपलीकडे कधी न गेलेला माणूस,
अंगठा दिला, उचल घेतली, गेला.

नूरबीला पत्रं मीच वाचून दाखवायचो.
एकात होतं:
तीनदा समुद्र ओलांडला, पाहिला एकदा.

वैशाखात बातमी आली.
तारमास्तरांनी वर्तमानपत्र ओट्यावर पसरलं.
बर्फाला आपटून एवढी बोट?
बाजारात कोणाला पटेना.
बर्फ पाहिला कोणी होता? गार पाहिली होती,
गहू झोपवणारी, बोराएवढी, फार तर लिंबाएवढी.
दगा शिंप्यानं विचारलं, ही केवढी आसंल?
तारमास्तर म्हणाले, सातपुड्याचा एक डोंगर समजा, तरंगत आलेला.
सगळे उत्तरेला बघायला लागले.
सातपुडा उन्हात थरथरत होता,
होता तिथेच होता.

कंपनीचा कागद पोळ्याच्या सुमारास आला.
वाचायला नूरबी माझ्याकडेच घेऊन आली, काट्यावर,
आणि खरं सांगतो, कागद मला परका वाटला नाही.
रकाने होते. वजाबाकी होती.
पगार एकोणीस दिवस.
वजा उचल. वजा घोंगडी एक. वजा बूट.
बोट बुडाली त्या घटकेला पगार बंद,
कारण बोटच नाही तर बोटीवरची नोकरी कसली.
बाकी सात रुपये अकरा आणे.
ओल्या कापसाला किती कापायचं, ते मी ठरवायचो.
ओल्या माणसाचा दर त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता,
अंगठ्याच्या वर, बारीक अक्षरात.

नूरबीनं पदराला हात पुसले. कापसाचं कूस चिकटलं होतं.
"कितला वखत लागना बुडाले?"
अडीच तास, मी म्हणालो. पेपरात होतं.
"आनि दिवा?"
दिवे शेवटपर्यंत चालू होते. वाचले त्यांनी तसं सांगितलंय.
ती थोडा वेळ आमच्या बॉयलरच्या धुराड्याकडे बघत राहिली.
"दिवा चालू व्हतात म्हंजे आग चालू व्हती.
मंग फावडं कोना हातमा व्हतं?"

मी कागद उलटा केला.
मागे काही नव्हतं.

"त्या अडीच तासना पैसा कोठे शेतस?"

मागून गाडीवाला ओरडत होता, माप करा, बैल तापले.
मी उठलो नाही.
पावतीवर तिनं अंगठा दिला नाही.
मग मीच अंगठ्याच्या जागी मोडीत लिहिलं:
अडीच तास बाकी.
पावती मुंबईला गेली. उत्तर नाही, पैसे नाहीत,
सात रुपये अकरा आणेही नाहीत.
शेठ म्हणाले, कारकुनानं कारकुनासारखं राहावं.
बरोबर होतं त्यांचं.

नूरबी जिनात सरकी निवडायला लागली.
दिवाळीला वह्या बदलतात.
शेठच्या खातेवहीत नाही,
माझ्या स्वतःच्या, किराण्याच्या उधारीच्या वहीत
दर साली पहिल्या पानावर मी बाकी पुढे ओढतो:
सुपडू वल्द लालू पिंजारी. येणे, तास अडीच.
व्याज लावलेलं नाही. तासाला व्याज कसं लावतात
मला माहीत नाही.

पाडव्याला ती दारात येते,
आत येत नाही.
"लिखं का?"
लिहिलं, मी म्हणतो.